थंड पाण्यात उभं राहून मासेमारी: पाय गारठू नयेत म्हणून काय करावं?

गळकरी
जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात न्यूयॉर्कमधल्या पुलास्कीला, सॅमन रिव्हरवर स्टीलहेडसाठी (रेनबो ट्राउटचा एक प्रकार) जायचा बेत आहे. पाणी १ ते ३ अंश सेल्सिअस, हवा उणे ५ ते उणे १०. साहित्य असं: ब्रीदेबल स्टॉकिंगफूट वेडर्स (पाण्यात उभं राहायची, घामाची वाफ बाहेर सोडणारी जलरोधक पँट, खाली निओप्रीनचे म्हणजे स्पंजासारख्या रबराचे मोज्यासारखे बंद पाय), त्यावर वेगळे घालायचे रबरी तळाचे वेडिंग बूट (नेहमीचाच ९ नंबर), आत एक सुती मोजा आणि त्यावर दोन जाड लोकरी मोजे. पाऊण तासात बोटं बधिर होतात. तिसरा लोकरी मोजा चढवू, की बॅटरीवाले मोजे घेऊ? जाणकारांनी सांगावं. बजेट बेताचं आहे.

मरळ
तिसरा चढवू नका, आहे त्यातला एक काढा. मस्करी करत नाही.

मोजा स्वतः ऊब तयार करत नाही. त्याच्या धाग्यांत अडकलेली स्थिर हवा उष्णता अडवते. पाणी हवेपेक्षा २० पटींहून जास्त वेगाने उष्णता वाहून नेतं, म्हणून ही हवा हाच तुमचा सगळा बचाव. बूट घट्ट झाला की दोन गोष्टी एकदम होतात: मोज्यातली हवा चेपून निघून जाते, आणि चवड्यावर दाब येऊन बोटांकडे जाणारं रक्त कमी होतं. बोटांना स्वतःची अशी भट्टी नाही, ऊब येते ती रक्तातूनच. तीन मोजे कोंबलेल्या ९ नंबरच्या बुटापेक्षा एकच जाड मोजा घातलेला ११ नंबरचा बूट जास्त ऊबदार.

घरच्या घरी परीक्षा: सगळं चढवा, नाड्या बांधा आणि पाच मिनिटं उभे राहा. पाचही बोटं वर-खाली मोकळी हलली पाहिजेत, अंगठ्याला पुढे भिंत लागता कामा नये. परीक्षा संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. बोटं नुसती ‘हलल्यासारखी वाटत’ असतील तर बूट लहान आहे.

बहुतेक वेडिंग बुटांचा नंबर निओप्रीनचा पाय आणि एक साधा मोजा धरून ठरवलेला असतो. हिवाळ्यातला जाड मोजा त्या हिशोबात नाही. म्हणून हिवाळ्यासाठी एक ते दोन नंबर मोठा घ्यायचा.

लोकरीमामा
मरळशी सहमत. एक भर घालतो, कारण ही चूक बहुतेक जण करतात. बूट मोठा घेतात, पण वेडरचा निओप्रीनचा पाय लहानच राहतो. तो ताणून बसला तर बूट १३ नंबरचा आणला तरी काही उपयोग नाही, मोजे आतच चेपलेले असतात. वेडर निवडताना उंची आणि कमरेइतकंच त्याच्या पायाच्या मापाकडे बघा. बऱ्याच कंपन्या त्याच उंचीत मोठ्या पायाचा वेगळा साइज देतात.

आणि तो सुती मोजा आजच्या आज कपाटात परत ठेवा. सुती कापड घाम पितं आणि सोडत नाही. ओला सुती मोजा म्हणजे पायाला गुंडाळलेली थंड पाण्याची पट्टी, ताप आल्यावर कपाळावर ठेवतात तीच. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के बाष्प धाग्याच्या आत घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही.

माझी मांडणी:
अंगालगत पॉलिप्रॉपिलीन किंवा रेशमी लायनर, म्हणजे आतला पातळ मोजा.
त्यावर मरिनो लोकरीचा एक जाड मोजा, आतून टॉवेलसारख्या दाट फासांचा.
संपलं.

मऊ, फुगीर मोजा दुकानात हातात घेतल्यावर छान वाटतो, पण पाण्यात तो बसतो. गुडघाभराच्या वर पाण्यात उभं राहिलं की पावलावर ८० सेंटिमीटर पाण्याचा दाब असतो, म्हणजे पारा मोजायच्या भाषेत सुमारे ६० मिलिमीटर. वेडर त्या दाबाने मोज्याला सगळीकडून आवळतो. दाट विणीचा मोजा हा दाब बऱ्यापैकी सोसतो, फुगीर मोजा पापडासारखा होतो.

खेकडा७
म्हणजे उथळ पाण्यात उभं राहिलं तर पाय कमी गारठतात?

लोकरीमामा
हो, आणि दोन्ही कारणांनी. दाब कमी, शिवाय पोटरी-मांडी पाण्याबाहेर. मांडीतून खाली जाणारं रक्त वाटेतच थंड होत असेल तर पावलापर्यंत काय पोचणार? जानेवारीत स्टीलहेड संथ, खोल डोहांत पडून असतात, जोरदार ओढीत नसतात. बरेच डोह काठावरून किंवा घोटाभर पाण्यातून गाठता येतात. कमरेपर्यंत शिरायची हौस हिवाळ्यात आवरलेली बरी.

सॅमन रिव्हरचं पाणी लाइटहाउस हिल धरणातून सोडलं जातं आणि त्याचे आकडे रोज जाहीर होतात. ३५० घनफूट प्रति सेकंद असेल तर बऱ्याच जागा सहज गाठता येतात. ७५० ला जागा निवडून उभं राहावं लागतं. हजाराच्या वर गेलं तर काठ सोडू नका. सकाळी निघताना आकडा बघा. दिवसा विसर्ग वाढूही शकतो.

नदीकाठ
सगळे पाण्यातल्या थंडीबद्दल बोलताहेत, पण निम्मं नुकसान गाडीत झालेलं असतं.

न्यूजर्सीकडून साडेचार-पाच तास गाडी, हीटर चालू, पायात जाड मोजे. वर लोक हॉटेलमधूनच वेडर्स चढवून निघतात. निओप्रीन श्वास घेत नाही. वेडर ‘ब्रीदेबल’ असला तरी तो घोट्याच्या वर, पावलाची पिशवी बंदच. पार्किंगपासून नदीपर्यंत बर्फातून वीस मिनिटं चाललात की मोजा घामाने दमट झाला, आणि नंतर उभं राहिल्यावर तोच घाम गार होतो. पाण्यात पाय ठेवायच्या आधीच हरलात.

क्रम असा ठेवा:
१. गाडी चालवताना साधे पातळ मोजे आणि साधे बूट. हीटरचा झोत पायांवर नको.
२. पार्किंगमध्ये पाय टॉवेलने पुसा, बोटांच्या बेचक्यांतही. घाम जास्त येत असेल तर आदल्या रात्री तळव्यांना घाम रोखणारं रोल-ऑन लावा, ॲल्युमिनियम क्लोरोहायड्रेटवालं. सुगंधी डिओडरंटचा इथे उपयोग नाही.
३. मग कोरडा लायनर, कोरडी लोकर, वेडर, बूट.
४. नदीपर्यंत सावकाश चाला. वरचं जॅकेट उघडं ठेवा, थोडी थंडी वाजलेली चालेल.
५. झिपच्या पिशवीत एक कोरडा जोड, जॅकेटच्या आतल्या खिशात. दुपारी गाडीकडे येऊन बदला.

पाचवा मुद्दा कंटाळवाणा वाटतो, पण त्याच्याइतका स्वस्त आणि हमखास उपाय दुसरा नाही.

बांगडाप्रेमी
ब्रेडच्या प्लास्टिक पिशव्यांचं काय? लायनरवर पिशवी, तिच्यावर लोकरी मोजा. घाम लोकरीपर्यंत पोचतच नाही, ती कोरडी राहते. ध्रुवीय मोहिमांतले लोक हेच तत्त्व वापरतात.

नदीकाठ
तत्त्व बरोबर आहे, पण वापरताना भान ठेवा. पिशवीच्या आत लायनर ओलाच होणार, तो अर्ध्या दिवसाने बदलावा लागतो. सलग तीन-चार दिवस असं केलं तर कातडी पांढरी, सुरकुतलेली होते आणि फोड येतात. पिशवी बोटांखाली चुरगळली तर दाबाचा खडा तयार होतो. एक दिवसासाठी ठीक, आठवडाभराच्या सहलीत नको. आणि पिशवी लोकरीच्या *बाहेर* कधीच नाही. तसं घातलं तर सगळा घाम लोकरीतच साठतो, म्हणजे उलटं काम.

मरळ
+१. शिवाय आतली पिशवी गुळगुळीत, पाय बुटात सरकतो. दगडांवर उभं राहताना ते बरं नाही. मी पिशवीपेक्षा मोजे बदलण्याच्या बाजूने.

शिंगाळा
रासायनिक टो-वॉर्मर (बोटांशी ठेवायच्या, आपोआप तापणाऱ्या पुड्या) कोणीच कसे सुचवले नाहीत? दोन डॉलरला जोडी मिळते.

खेकडा७
ते वेडरमध्ये चालत नाहीत असं ऐकलंय. का ते कळलं नाही.

ओहोळ
का ते सांगतो. पुडीत लोखंडाचा बारीक भुगा, मीठ, सक्रिय कोळसा, व्हर्मिक्युलाइट आणि थोडं पाणी असतं. लोखंड गंजतं आणि गंजताना उष्णता सुटते. त्याला ऑक्सिजन हवा. बंद निओप्रीनच्या पिशवीत, घट्ट बुटात, दाबाखाली हवा फिरतच नाही. थोड्या वेळात पुडी थंड, आणि वर ती जागा अडवून बसते. बाहेर काढली की परत गरम होते, मग लोक म्हणतात ‘माल खराब नव्हता, मग झालं काय?’ हेच झालं.

तरी वापरायचेच असतील तर:
– हाताचे वॉर्मर पायात घालू नका. ते जास्त जाड असतात, हवाही जास्त मागतात, आणि मोकळ्या हवेत इतके तापतात की चटका बसू शकतो. पायाचे वेगळे असतात, कमी हवेत चालतील असे बनवलेले.
– वीस मिनिटं आधी पाकीट उघडून चांगले तापू द्या, मग मोजा चढवा.
– बोटांच्या *वर* चिकटवा, खाली नको. खाली अंगाच्या वजनाने दबून हवा बंद होते.
– लायनरच्या बाहेरून, लोकरीच्या आतून. कातडीला थेट नको, बधिर पायाला भाजलेलं कळत नाही.
– घामाने भिजली की पुडी मेली. कोरडे मोजे ही पहिली अट इथेही आलीच.
– अर्धवट वापरलेली पुडी हवा काढून झिपच्या पिशवीत बंद केली तर गंजणं थांबतं, उरलेली उष्णता दुसऱ्यांदा वापरता येते.

बुटात तेवढी जागाच नसेल तर या पुड्यांनी तोटाच होईल. मरळची बोटं हलवायची परीक्षा पुडी चिकटवून परत घ्या.

गळकरी
एवढी माहिती! सुती मोजा बाद. बूट मोठा घ्यावा लागणार असं दिसतंय. बॅटरीवाल्या मोज्यांचा खर्च त्यात जाईल. ते घेण्यासारखे आहेत का नाहीत?

ओहोळ
आधी बूट, मग पैसे उरले तर मोजे.

हिशोब बघा. साधारण जोडीत प्रत्येक मोज्याला ७.४ व्होल्ट, २२०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी असते. म्हणजे १६ वॉट-तास. पाच वॉट ओढले तर तीन तास, अडीच वॉटवर सहा तास. थंडीत लिथियमची क्षमता घटते, तेव्हा खोक्यावरच्या आकड्यातून निदान चौथा हिस्सा मनात वजा करा. बॅटरी पोटरीला, वेडरच्या आत असते, म्हणजे अंगाच्या उबेत राहते, हे त्यातल्या त्यात बरं.

वापरायची पद्धत: सुरुवातीपासून सर्वांत कमी पातळीवर चालू ठेवा. बोटं बधिर झाल्यावर एकदम ‘हाय’ वर नेलं तर रक्त आलेलं नसतं, फक्त कातडी तापते. तार बहुतेक वेळा बोटांच्या टोकाशी किंवा तळव्याखाली असते. बूट घट्ट असेल तर ती तिथे रुतते आणि मोजा धुता धुता तुटते.

आणि वेडर गळका असेल तर हे मोजे घालूच नका. ७.४ व्होल्टने झटका बसत नाही, पण भिजलेली बॅटरी बिघडते, तापते, आणि ती पायाला बांधलेली असते. विमानाने जाणार असाल तर सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेत. शून्याखालच्या थंड गाडीत चार्ज करू नका, खोलीत आणून करा.

लोकरीमामा
बजेट बेताचं असेल आणि वर्षातून चार-पाच खेपा होणार असतील तर बूटफूट वेडर्स बघा. इन्सुलेटेड रबरी बूट वेडरलाच जोडलेला असतो. नाड्या नाहीत म्हणून आवळणं नाही, आत हवेची जागा भरपूर. बर्फ पडत असताना नाड्या गोठायचा प्रश्नही मिटतो. तोटा म्हणजे घोट्याला आधार कमी, मोठ्या गोल दगडांवर पाय मुरगळतो, आणि लांब चालायला जड. काठाजवळ उभं राहून मासे धरणाऱ्याला तो तोटा फारसा जाणवत नाही. पाय थंड पडणाऱ्यांसाठी माझं मत बूटफूटलाच.

मरळ
माझं मत वेगळं. सॅमन रिव्हरचा तळ म्हणजे तेल लावलेल्या नारळांचा ढीग. तिथे घोट्याला आधार नसलेला बूट म्हणजे पडणं, आणि पडणं म्हणजे सगळंच ओलं. स्टॉकिंगफूट, दोन नंबर मोठा, टाच घट्ट आणि चवडा सैल. नाडी बांधताना खालची दोन भोकं सैल ठेवा, घोट्यापाशी एक गाठ मारून कुलूप करा, वर नेहमीसारखी आवळा. पाय सरकत नाही आणि बोटांवर दाबही नाही.

लोकरीमामा
नारळांचा ढीग मान्य. तरी साठीच्या पुढच्यांना गोठलेल्या नाड्या सोडायला लावू नका हो.

बांगडाप्रेमी
तळ फेल्टचा की रबराचा? फेल्ट म्हणजे दाबून घट्ट केलेल्या धाग्यांचा जाड थर, तो जास्त ऊबदार असणार ना?

मरळ
पाण्यात फेल्टची पकड चांगली. पण बर्फावरून चाललं की ओल्या फेल्टला बर्फ चिकटतो, दर दहा पावलांनी तळाखाली लाडू वळला जातो आणि तुम्ही उंच टाचेच्या चपला घातल्यासारखे डुलता. घोटा मोडायचा खात्रीचा मार्ग. हिवाळ्यात रबर आणि त्यात टंगस्टन कार्बाइडचे स्टड (पकडीसाठी तळात बसवायचे कठीण धातूचे खिळे). स्टडची लांबी तळाच्या जाडीपेक्षा कमी हवी. लांब स्क्रू आतपर्यंत घुसला तर टोचतोच, शिवाय धातूतून थंडी थेट तळव्याला.

फेल्ट वाळायला वेळ घेतो आणि त्यातून एका नदीतले सूक्ष्म जीव दुसऱ्या नदीत जातात. न्यूझीलंडने २००८ मध्ये, मेरीलँडने २०११ मध्ये फेल्टवर बंदी घातली ती याच कारणाने. दुसऱ्या राज्यात जाणार असाल तर तिथला नियम आधी बघा.

ऊब हवी असेल तर तळाऐवजी आतली गादी बदला. बुटाबरोबर येणारी पातळ फोमची गादी काढून लोकरी फेल्टची ५-६ मिलिमीटरची टाका. अर्थात तेवढी उंची वाढते, म्हणजे परत बोटांची परीक्षा.

नाडीपरीक्षक
वैद्यकीय बाजू थोडक्यात, कारण इथे ‘बधिर झाले तरी चालतं’ असा सूर दिसतोय. चालत नाही.

पाणी शून्याच्या वर असताना पाण्याखालचा पाय गोठत नाही, म्हणजे हिमदंश होत नाही. पण ओल्या थंडीत तासन्‌तास राहिलेल्या पायाला वेगळी इजा होते, तिला इमर्शन फूट म्हणतात. तापमान शून्य ते १५ अंशांच्या मध्ये असलं तरी ती होते. आधी मुंग्या, मग बधिरपणा, पाय पांढराफटक किंवा डागाळलेला. ऊब मिळाल्यावर लाल, सुजलेला आणि जळजळणारा. नसांना झालेली इजा महिनोन्‌महिने राहू शकते. खरा हिमदंश होतो तो बाहेर आल्यावर, ओले मोजे घालून उणे दहाच्या वाऱ्यात उभं राहिलं की.

बोटं दुखताहेत म्हणजे रक्त अजून आहे. दुखणं *थांबलं* आणि गरम झालेली नाहीत, तर तो बाहेर यायचा इशारा. पाण्यात वीस मिनिटं, मग काठावर पाच-सात मिनिटं चालणं, पोटऱ्या आखडणं-सोडणं, टाचा उचलणं. पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात, त्यामुळे नवं गरम रक्त खाली येतं.

ऊब देताना: चोळू नका, बर्फ तर अजिबात चोळू नका. शेकोटी किंवा गाडीच्या हीटरसमोर बधिर पाय धरू नका, भाजेल. ३७ ते ३९ अंशांचं पाणी, म्हणजे कोपराला कोमट लागेल एवढंच. हिमदंशाची शंका असेल आणि परत गोठायची शक्यता असेल तर ऊब देऊच नका, आधी सुरक्षित जागी पोचा आणि डॉक्टरांना दाखवा.

दारूने कातडीकडचं रक्त वाढतं, ऊब वाटते आणि अंगाची उष्णता बाहेर जाते. सिगरेटने उलट बोटांच्या रक्तवाहिन्या आकसतात. दोन्ही परतल्यावर, किंवा नाहीच. मधुमेह, रेनॉ (थंडीत बोटांच्या रक्तवाहिन्या आकसण्याचा आजार) किंवा पायांच्या रक्तवाहिन्यांचा आजार असेल तर ही सगळी चर्चा बाजूला ठेवून आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. बॅटरीचे मोजे आणि पुड्या अशांना जास्त धोक्याच्या.

शिंगाळा
पायांपेक्षा धड गरम ठेवलं की पाय आपोआप गरम राहतात म्हणतात, ते खरं?

नाडीपरीक्षक
बरंचसं. धड गार पडू लागलं की शरीर सर्वांत आधी हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतं. त्यामुळे टोपी, मान झाकणारी बंडी, वेडरखाली जाड फ्लीसची पँट, हे सगळं पायांचंच साहित्य समजा. आणि खात राहा: तिळाचा लाडू, शेंगदाण्याची चिक्की, थर्मासमध्ये गरम सार. उपाशीपोटी अंग पुरेशी ऊब तयार करत नाही.

लोकरीमामा
फ्लीसची पँट म्हणताय तर एक बारीक गोष्ट. पँटच्या तळाची इलॅस्टिक पट्टी, मोज्याची इलॅस्टिक, दुसऱ्या मोज्याची इलॅस्टिक, सगळं एकाच ठिकाणी, पोटरीच्या खाली. तिथे कडं तयार होतं. संध्याकाळी मोजा काढल्यावर खोल वळ दिसला तर समजा दिवसभर रक्त अडवत होतात. तीन-चतुर्थांश लांबीची पँट घ्या, जी मोज्याच्या वरच संपते. नाहीतर एकीचं टोक दुसरीपेक्षा चार बोटं वर येईल असं ठेवा.

खेकडा७
मोजा ओला निघाला तर तो घाम की गळती, हे कसं ओळखायचं?

ओहोळ
घाम सगळीकडे सारखा असतो, तळवा आणि बोटांपाशी जास्त. गळती एका जागी सुरू होते, टाचेची शिवण किंवा अंगठ्याची बाजू, आणि एकाच पायात असते. पक्कं करायचं तर मोज्यावरून टिश्यू पेपर गुंडाळा, वेडर घाला, वीस मिनिटं टबमध्ये उभे राहा. आधी कुठे भिजलं ते दिसेल.

ब्रीदेबल कापडातली सुईएवढी भोकं शोधायला वेडर आतून बाहेर उलटा आणि रबिंग अल्कोहोल फवारा. भोकाच्या जागी गडद ठिपका उमटतो. पेनाने गोल करा, वाळू द्या, ॲक्वासीलचा (वेडर दुरुस्तीचा जलरोधक गोंद) पातळ थेंब लावा, रात्रभर सुकू द्या. निओप्रीनच्या पायाला ही युक्ती लागू नाही, तिथे पाणी भरून बाहेरून कुठे पाझरतं ते बघावं. शिवणीवर बोटभर रुंदीची पट्टी मारा, भोकावर नुसता थेंब टिकत नाही, चालताना निओप्रीन ताणला की सुटतो.

निओप्रीन जुना झाला की त्यातले बुडबुडे फुटतात. पोटरीजवळचा आणि टाचेखालचा निओप्रीन चिमटीत धरून तुलना करा. टाचेखालचा निम्माच जाड लागला तर वेडर गळत नसला तरी थंडी आत येणार. बुटात गेलेली वाळू तो झिजवते, म्हणून ग्रॅव्हल गार्ड (वेडरच्या तळाची, बुटाच्या तोंडावर येणारी पट्टी) बुटाच्या हुकाला रोज अडकवा.

तीर्थनचा_पाहुणा
विषय थोडा वेगळा. पुण्याहून मार्चमध्ये हिमाचलात तीर्थन नदीवर ट्राउटसाठी जाणार आहोत. वेडर्स नाहीत. गमबूट चालतील का?

मरळ
हिमाचलात ट्राउटचा बंद हंगाम १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर, म्हणजे मार्च योग्य. मत्स्य विभागाचा परवाना काढा. पाणी बर्फ वितळून आलेलं, तेव्हा थंडी पुलास्कीइतकी नसली तरी हाडात शिरणारी.

गमबूट काठावर चालतील, पाण्यात नाही. वरून उघडे, एकदा पाणी शिरलं की बादली. ओढीत पाय उचलत नाही. तीर्थनमध्ये बऱ्याच जागी दगडावरून गळ टाकता येतो, पाण्यात शिरायची गरजच नाही.

शिरायचंच असेल तर ३ मिलिमीटरचे निओप्रीन मोजे आणि जुने, नाडीचे ट्रेकिंग बूट. यात पाणी आत येतंच, पण पातळ थर अडकून अंगाने तापतो. लक्षात घ्या, इथे नियम उलटा. हा मोजा *घट्ट* बसायला हवा, नाहीतर दर पावलाला गरम झालेलं पाणी बाहेर आणि थंड पाणी आत. आत लोकरी मोजा घालू नका. एका वेळी दहा-पंधरा मिनिटं, मग बाहेर येऊन कोरडे मोजे.

तीर्थनचा_पाहुणा
समजलं. गमबूट काठासाठी. धन्यवाद.

नदीकाठ
पडण्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. वेडरचा कमरपट्टा घट्ट बांधा, सैल नको. वेडरमध्ये पाणी भरलं की माणूस तळाला जातो हा गैरसमज आहे, पाण्यातल्या पाण्याला वजन नसतं. पण भरलेल्या वेडरने काठावर चढता येत नाही, आणि आतली सगळी ऊब एका झटक्यात जाते. थंड पाण्यासाठी १-१०-१ असं सूत्र शिकवतात: श्वास ताब्यात आणायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती दहा मिनिटं, शुद्ध हरपायला साधारण एक तास. पहिल्या मिनिटात पोहायची घाई करायची नाही, डोकं वर ठेवून श्वास सावरायचा. आधाराची काठी आणि सोबती, दोन्ही हवेत. गाडीत कपड्यांचा पूर्ण कोरडा जोड, नुसते मोजे नाहीत.

गळकरी
बूट ११ नंबरचे मागवले. लायनर आणि एक मरिनो. शेवटचा प्रश्न: दोन दिवसांची खेप आहे. रात्री बूट गाडीत ठेवले तर?

ओहोळ
सकाळी दगड. पाय आत जाणार नाही, नाडी सुटणार नाही. खोलीत आणा. गादी बाहेर काढा, जीभ पूर्ण उघडा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि तासाभराने बदला. हॉटेलच्या हीटरवर ठेवू नका, गोंद सुटतो. वेडर कमरेपासून उलटा करून टांगा, म्हणजे निओप्रीनचा पाय आतून वाळतो, बाहेरचा ओला राहिला तरी फरक पडत नाही.

एरवी घरी परतल्यावर मात्र बूट मुद्दाम रात्रभर फ्रीझरमध्ये किंवा बाहेर उणे तापमानात ठेवायला हरकत नाही. न्यूझीलंड मडस्नेल नावाची गोगलगाय दमट बुटात बरेच दिवस जगते, ती गोठल्यावर मरते.

लोकरीमामा
नदीवर नाड्या गोठल्या तर ओढून तोडू नका, पाण्यात परत दोन मिनिटं उभे राहा. नदीचं पाणी शून्याच्या वरच असतं, गाठ सुटते. गाडीजवळ असाल तर थर्मासमधलं कोमट पाणी. सार ओतू नका.

गळकरी
😄 सार पोटातच जाईल. पहाटे निघायचं म्हणजे किती वाजता पाण्यात?

नदीकाठ
पहाटे कशाला? उणे दहाच्या रात्रीनंतर सकाळी नदीतून बर्फाचा चुरा वाहतो, दोरा त्यात अडकतो आणि दांडीच्या कड्या गोठतात. दहा-साडेदहाला उतरा. पाणी अर्धा-एक अंश तापतं ते दुपारीच, आणि हिवाळ्यातले स्टीलहेड त्या एका अंशावर हलतात. सकाळचे तीन तास वाचले म्हणजे पायांचेही तीन तास वाचले.